नाकाखालचा चेहरा

“वर्णन लिहिताना हात फार भराभर चालायला लागला, की थांब. समज, की तू तो माणूस पाहिलेला नाहीस.”

साहेब हे म्हणाले तेव्हा मी मान डोलावली आणि मनात म्हटले, झाले यांचे सुरू. संग्रहालयात सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात. खिशात घडीची मोजपट्टी असते आणि कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी ते ती मोजून बघतात. एकदा वाढदिवसाचा केकही मोजला होता, वाटे समान व्हावेत म्हणून. त्यातला सगळ्यात लहान तुकडा नेमका माझ्या वाट्याला आला होता, हेही मी विसरलेली नाही.

माझे काम पाट्या लिहिण्याचे. राज्यकर्त्यांच्या दालनात प्रत्येक मूर्तीखाली जी सहा-सात ओळींची पाटी असते, ती. त्या दिवशी टेबलावर एका राजाचे दगडी मस्तक होते. कपाळ, भुवया, डोळे शाबूत. नाकाच्या शेंड्यापासून खाली सगळे तुटलेले. आम्ही त्याला अर्धेराव म्हणायचो. त्याच्याबद्दल एका जुन्या इतिहासकाराने भरभरून लिहून ठेवले आहे आणि मी ते तसेच पाटीवर उतरवले होते: ‘लालसर डोळे, आखूड जाड मान, आणि पातळ, दाबून धरलेले ओठ, जणू प्रत्येक शब्द तो दातांखाली चावून मगच बाहेर सोडत असे.’

साहेबांनी पाटी वाचली. मग मस्तकाकडे बघितले. मग माझ्याकडे.

“हे ओठ कुठे आहेत?”

“ग्रंथात आहेत, सर.”

“इथे कुठे आहेत?”

“मस्तक तुटलंय ना, सर.”

“तेच विचारतोय.”

मला राग आला. रात्री दोनदा उठून, सकाळी सहाला डबा करून, मुलीला पाळणाघरात सोडून मी कामावर पोचते ती असली कोडी सोडवायला नाही. मी म्हटले, “एका नाही, चार ग्रंथांत हेच ओठ आहेत.”

“चार नाहीत, एकच आहे. बाकी तिघांनी त्याचं वाचून लिहिलं. आणि तो स्वतः राजा मेल्यावर चाळीस वर्षांनी जन्मला. ज्या घराण्यानं या राजाला मारलं, त्यांच्याच पदरी होता. त्या काळी स्वभावावरून चेहरा सांगणारी पुस्तकंच असायची, क्रूर माणसाचे ओठ असे, लोभी माणसाचं नाक तसं. त्यानं आधी ठरवलं, हा क्रूर. मग ओठ बसवले.”

“मग नाण्यावरचा चेहरा घेऊ? नाणं तर त्याच्या हयातीतलं आहे.”

“नाणं पाडणारा त्याचाच नोकर. त्यानं आजोबाचा चेहरा घेऊन थोडा तरुण केलाय, मोजून बघ, हनुवटी सेम आहे. एक खुशामत करतो, दुसरा सूड घेतो. त्या राजाच्या चाकरीत असलेल्या एका कारकुनानं मात्र एवढंच लिहिलंय, की घोड्यावरून उतरताना तो डाव्या हाताने खोगीर धरायचा. त्यावर मी विश्वास ठेवीन. त्यात कोणाचा फायदा नाही.”

“सर, लोक इथे गोष्ट वाचायला येतात. खोगीर वाचायला नाही.”

त्यावर त्यांनी ते हाताच्या वेगाचे वाक्य ऐकवले. पाटी मी बदलली नाही. दालन उघडायला सात आठवडे होते, म्हटले, बघू.

*

आता पाळणाघर. आमच्या घरापासून चौदा मिनिटांवर, तळमजल्यावर. दाराचा वरचा अर्धा भाग उघडतो, खालचा बंद असतो, म्हणजे मुले रस्त्यावर पळत नाहीत. त्या अर्ध्या दारावरून आपण मूल आत द्यायचे, पिशवी द्यायची, वहीत वेळ लिहायची, निघायचे. आतल्या बायका बोटांतल्या अंगठ्या, हातातली घड्याळे काढून ठेवतात, कोणाला ओरखडा नको म्हणून. हा नियम मला फार आवडला होता. घरी सासूबाईंना मी तो दोनदा सांगितला होता.

माझी ठमी अडीच वर्षांची. बोलते भरपूर, सांगत काहीच नाही.

तिला आत घेणारी मावशी तोंडावर कायम मास्क लावायची. डोक्याला टोपी. बोलायची जवळजवळ नाही. बाकीच्या मुलांच्या आया तिला मुकी मावशी म्हणायच्या. पाळणाघराच्याच मागच्या खोलीत ती राहायची, कामाबरोबर मिळालेली खोली. मला ती पहिल्या दिवसापासून खटकली. का, ते सांगता येत नव्हते आणि सांगता येत नाही म्हणून जास्तच खटकत होती. मी हसले तरी ती हसली की नाही कळायचे नाही. डोळे मात्र लाल, विशेषतः उजवा, आणि तो मिटायचा म्हणून नाही. मी नवऱ्याला म्हटले, “ती पापणी न हलवता बघते रे.” तो म्हणाला, “तू पण तेच करतेस.”

मंगळवारी संध्याकाळी ठमीला आंघोळ घालताना तिच्या दंडावर वळ दिसले. चार बोटे, स्पष्ट.

“कोणी केलं हे?”

“बाऊ.”

“मावशीनं केलं?”

“मावशी,” ठमी म्हणाली.

मी विचारलेला शब्दच तिने मला परत दिला होता. इतिहास घेऊन पदवी मिळवलेली बाई मी, आणि मी त्याला साक्ष म्हटले.

वेगवेगळ्या कोनांतून अकरा फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कामावर, जेवणाच्या सुट्टीत, पाळणाघराचा तक्रारीचा फॉर्म भरला. त्यात दोन चौकटी होत्या. पहिली, ‘काय घडले’. दुसरी, ‘संबंधित व्यक्तीचे वर्णन’, कारण तिथे बायका आलटूनपालटून येतात आणि आयांना नावे माहीत नसतात. पहिल्या चौकटीत माझ्या दोन ओळी झाल्या. दुसरी चौकट भरली, समास भरला, मी कागद उलटून मागे लिहीत सुटले. हात थांबेना. शेजारी अर्धेरावाचा ग्रंथ उघडाच होता.

त्या फॉर्मचा फोटो मी आयांच्या गटावर टाकला. खाली लिहिले, ‘अजून कोणाला काही जाणवले असेल तर गप्प बसू नका. माझे वाचा, म्हणजे लिहायला सोपे जाईल.’

तिघींना सोपे गेले.

*

शनिवारी सकाळी बैठक झाली. पाळणाघरात मोठ्यांच्या खुर्च्या नाहीत. आम्ही सगळ्या, आणि दोन वडील, लाल-पिवळ्या वीतभर खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. अशा बसण्याने माणूस अजूनच चिडतो. संचालिका मात्र टेबलाला टेकून उभी. मावशी भिंतीपाशी, मास्क लावून, हात मागे बांधून.

काय पणाला लागले आहे ते संचालिकेने आधीच स्पष्ट केले. “चार लेखी तक्रारी आहेत. आरोप खरे ठरले तर मावशींना आजपासून काम नाही, आणि आठवड्यात खोलीही सोडावी लागेल. म्हणून नीट वाचते.”

तिने माझी तक्रार वाचली. ‘पातळ, दाबून धरलेले ओठ, जणू प्रत्येक शब्द दातांखाली चावून मगच बाहेर सोडते.’

माझ्याच मानेवर कोणी गार हात ठेवावा तसे झाले. वाक्य ओळखीचे होते. माझे म्हणून नव्हे.

दुसरी तक्रार जुळ्यांच्या आईची. तिच्यातही ‘पातळ, दाबलेले ओठ’. तिसरीत ‘ओठ आवळून, दात चावत बोलते’. चौथीत पुन्हा ‘पातळ ओठ’. एकीनेही त्या मास्कच्या खाली कधी काही पाहिले नव्हते. मीही नव्हते. आम्ही चौघींनी मिळून एका मेलेल्या राजाचे तोंड तिला लावले होते.

“मावशी, तुम्हाला काही सांगायचंय?” संचालिकेने विचारले.

मावशीने मागे बांधलेले हात सोडले. मग तिने कानामागची दोरी सोडली.

चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली होती. तोंडाचा उजवा कोपरा उघडाच राहिला होता आणि तिथे ओल होती. तिने मुठीतला रुमाल तिथे टेकवला. ओठ जाड होते. मिटत नव्हते.

“तीन वर्षं झाली,” ती म्हणाली. शब्द एका बाजूने निसटत होते, म्हणून ती एकेक सावकाश सोडत होती. “इकडून वारं गेलं. काही अक्षरं येत नाहीत नीट. म्हणून बोलत नाही. मुलांनी घाबरू नये म्हणून मास्क मी मागून घेतला. मी जेवते ती पण आत, स्वयंपाकघरात.” तिने माझ्याकडे बघितले. “ओठ दाबून दाखवू? थांबा. दाखवते.”

आणि तिने खरोखर प्रयत्न केला. गाल थरथरला, डाव्या बाजूचा ओठ वर आला, उजवा तसाच लोंबत राहिला. कोणीतरी खुर्ची सरकवली. तिने रुमाल पुन्हा टेकवला.

“जमत नाही,” ती म्हणाली. “ज्या बाईला जमतं, तिला शोधा.”

मला वाटले, आता संपले. आता सगळे उठतील, माफी मागतील, मीही मागेन. पण जुळ्यांची आई म्हणाली, “मग हे आधी का नाही सांगितलंत? आमची मुलं दिवसभर अशा चेहऱ्यासमोर…”

“मुलांनी बघितलेला नाही.”

“आम्ही तर बघितला ना आता.”

“बघायला तुम्हीच बसलात इथे,” मावशी म्हणाली. “मी तिकीट लावलं नव्हतं.”

एक वडील खोकल्याच्या मिषाने हसले. संचालिकेचा चेहरा आंबट झाला. “प्रश्न चेहऱ्याचा नाही, विश्वासाचा आहे. चार जणींनी लिहून दिलंय.” मग ती माझ्याकडे वळली. “ताई, पहिली तक्रार तुमची. तुम्हाला काही बोलायचंय?”

चारच शब्द पुरे होते, आणि ते मला तयार मिळालेले होते: चार नाहीत, एकच आहे. मी त्या लाल खुर्चीवर गुडघे आवळून बसले होते आणि म्हणाले, “माझ्या मुलीच्या दंडावर वळ आहेत.”

ते खरे होते. खोटे मी एक अक्षरही बोलले नाही. मावशीचे काम त्याच वाक्यावर गेले.

*

घरी सासूबाई ठमीला भरवत होत्या. सासूबाईंचे आणि माझे कधीच सूत जुळले नाही. त्या मला मास्तरीण म्हणतात, मी त्यांना तोंडावर आई म्हणते आणि माहेरी फोनवर कैदाशीण. त्यांना ते माहीत आहे.

“काढली का बिचारीला?” त्यांनी विचारले.

“बिचारी कसली? तुम्ही वळ बघितलेत ना?”

“दाखव बघू परत.”

वळ आता पिवळे पडले होते, म्हणून मी फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

“ही खाच कसली गं? चौकोनी?”

“कुठे?”

“ही. या बोटाच्या मुळाशी. खड्याची दिसते.” त्यांनी ठमीच्या तोंडात घास घातला. “पाळणाघरात अंगठ्या काढून ठेवतात, दोनदा सांगितलंस मला. कौतुकानं.”

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

“तुझी फिरवून बघ जरा.”

बाळंतपणानंतर माझी बोटे बारीक झाली आहेत. अंगठी सैल होते, फिरते आणि चौकोनी खडा तळव्याच्या बाजूला येतो. तो आताही तिथेच होता.

मग मंगळवारची सकाळ आठवली. म्हणजे विसरले नव्हतेच. तिथे बघत नव्हते इतकेच. रस्ता ओलांडताना ठमी मध्येच खाली बसली, एक टेम्पो मागे येत होता, मी तिला दंडाला धरून उचलले. वाचवले, असे म्हणता येईल. पण टेम्पो बराच लांब होता. मला उशीर झाला होता आणि मी चिडले होते. मी तिला धरले ते चिडून.

“आई, हे कोणाला…”

“मी कशाला सांगू? तुला तोंड आहे.” त्यांनी ठमीचे तोंड पुसले. “मला कैदाशीण म्हणतेस ते निदान माझं थोबाड रोज बघून म्हणतेस. त्या बाईचं तर तेवढंही नाही बघितलंस.”

*

सोमवारी मी संचालिकेला सगळे सांगितले. ती फॉर्मवर फॉर्म रचत होती.

“ताई, नवीन बाई आज रुजू झाली. आता तुम्ही म्हणता वळ तुमचे. बाकीच्या तिघींचं काय करू?”

“त्यांनी माझंच उतरवलंय.”

“मग त्यांच्याकडून तसं लिहून आणा.”

मी गटावर लिहिले. अंगठीचेही लिहिले. एकीने डोळ्यांत पाणी असलेला चेहरा पाठवला. जुळ्यांच्या आईने लिहिले, ‘तुझ्या बाबतीत चूक झाली असेल, आम्हाला आतून जाणवले होते.’ त्याखाली सात जणींनी अंगठे दिले. लिहून कोणी दिले नाही. मग मला गटातून काढले.

मागच्या खोलीचे दार उघडे होते. एक खाट, एक पत्र्याची पेटी, भिंतीला हाताएवढा आरसा. मावशी चादरीची घडी घालत होती. मास्क नव्हता.

“वळ माझ्याच हाताचे होते,” मी म्हणाले. “माझ्या अंगठीचे.”

“बरं.”

“मी त्यांना सांगितलंय.”

“मग? खोली देतायत परत?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस? हलकं व्हायला आलीस का?” चादर तिने पेटीत दाबली. “तुला मी आवडत नव्हते, ते चालेल. माझ्याबद्दल तसं लिहायचं, ही बाई मला आवडत नाही. तुझ्या पोरीला मी सहा महिने पोटावर थोपटून झोपवलं. ती उजव्या कुशीवर झोपत नाही, माहितीये तुला?”

मला माहीत नव्हते.

“बाहेर हो. परत माझ्या दारात दिसू नकोस.”

पाळणाघराची स्वयंपाकीणबाई मला फाटकापाशी गाठून बोलली. तीही रागातच होती, पण तिला कोणालातरी सांगायचे होते. मावशीचा उजवा डोळा मिटत नाही, म्हणून तो लाल. दिवसभर थेंब घालावे लागतात आणि झोपण्याआधी मलम लावून पापणीवर पट्टी चिकटवावी लागते. डॉक्टरांनी बजावले आहे, उघडा राहून कोरडा पडला तर नजर जाईल. तीन वर्षे रोज संध्याकाळी, घरी जाण्याआधी, स्वयंपाकीणबाई ते करत होती. “तिला स्वतःला जमत नाही नीट, हात थरथरतो. पट्टी अर्धी सुटते. आता कोण करणार? तू करणार?”

मावशीने खोली सोडल्यावर मी करायला गेले. नवा पत्ता स्वयंपाकीणबाईनेच दिला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, इस्त्रीच्या दुकानावर, बाहेरून लोखंडी जिना, निळे दार. दार वाजवले. आतून आवाज आला, “कोण?” मी सांगितले.  मग ते सावकाश शब्द: “त्या बाईला सांगा, इथे कोणी राहत नाही.”

त्यानंतर दोनदा गेले. दुसऱ्यांदा इस्त्रीवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिला, मला वाट न देता. स्वयंपाकीणबाईला दोन बस बदलून रोज जाणे झेपत नाही. ती रविवारी जाते. बाकीचे सहा दिवस मी मोजते.

अर्धेरावाची पाटी मी बदलली. साहेबांनी ती वाचली: ‘कपाळ रुंद. डाव्या भुवईवर छिन्नीची खूण. नाकाखालचा भाग तुटलेला आहे; तिथे काय होते ते आपल्याला माहीत नाही. त्याच्या ओठांबद्दल ज्याने लिहिले, त्याने त्याला पाहिले नव्हते.’

“शेवटचं वाक्य जरा रागावून लिहिलंयस,” ते म्हणाले.

“राहू द्या, सर.”

त्यांनी राहू दिले.

दालन उघडून महिना झाला. लोक त्या पाटीसमोर थांबत नाहीत. त्यांचे बरोबर आहे, तिथे गोष्ट नाही. गोष्ट मी इथे लिहिली आहे, कारण मला त्या जिन्यावर पाय ठेवता येत नाही, आणि तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल. इस्त्रीचे दुकान, वर निळे दार. तिचे वर्णन मागू नका. उजवा डोळा मिटत नाही आणि बोलताना ती तोंडाच्या कोपऱ्याला रुमाल टेकवते, एवढेच मी पाहिले आहे. माझे नाव काढू नका. चिडली तर चिडू द्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिना चढा, आणि डोळ्यावर पट्टी नीट बसली आहे ना, तेवढे एकदा बघून या.